डर्ट बाइकचा पुढचा अ‍ॅक्सल: पिंच बोल्ट आधी कुठल्या बाजूचे आवळायचे? मदत हवी आहे

गाडी केटीएम 350 ईएक्ससी-एफ, 2020 मॉडेल. पुढचा टायर बदलून चाक परत बसवल्यापासून फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन शॉक-अ‍ॅब्सॉर्बर पाय) अडकल्यासारखा चालतो. हँडल दाबलं की खाली जातो, पण वर येताना शेवटचा इंचभर रखडतो.

व्हील बेअरिंग ठीक आहेत, स्पेसर पुसून, ग्रीस लावून जागेवर आहेत. ऑइल सील कोरडे आहेत, ब्रेक घासत नाही. अ‍ॅक्सल सपाट काचेवर फिरवून पाहिला, सरळ आहे. चारही पिंच बोल्ट (फोर्कच्या पायांच्या तळाशी चाकाचा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, आवळून धरणारे, प्रत्येक बाजूला दोन) सैल केले की फोर्क लोण्यासारखा चालतो, म्हणजे दोष आवळण्यातच आहे असं मला वाटतं.

अडचण अशी: अ‍ॅक्सलचा डावीकडचा स्क्रू 35 न्यूटन-मीटरला आवळताना अख्खा अ‍ॅक्सल सोबत फिरतो. म्हणून उजवीकडचे पिंच बोल्ट आधी धरावे लागतात, आणि मग गाडी स्टँडवरून उतरवून, ब्रेक धरून फोर्क कितीही दाबला तरी फोर्कचा उजवा पाय आपल्या जागी सरकत नाही.

टॉर्क रेंच आहे, पिंच बोल्ट 15 न्यूटन-मीटरलाच आवळतो. घरीच करायचंय, जवळ जाणकार मेकॅनिक नाही.

स्क्रू आवळून झाल्यावर डावे बोल्ट पक्के करून, उजवे सैल सोडून फोर्क दाबायचा आणि उजवे शेवटी आवळायचे, हा क्रम बरोबर आहे का? आणि उजवा पाय नीट बसलाय हे नक्की कशावरून ओळखायचं?