रव्याआधी माशातले पाणी काढावे
मासा तळताना वरून लावायच्या रव्यात तांदळाचे पीठ मिसळले की तो कुरकुरीत होतो आणि आवरण सुटत नाही, असे म्हणतात. त्यातले कुरकुरीतपणाचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र आवरण तव्यावर सुटते ते पिठामुळे नव्हे, माशातल्या पाण्यामुळे. आमच्या बेळगावात बांगडा कारवार-गोव्याहून बर्फात येतो, त्यामुळे तो अधिकच ओलसर असतो. म्हणून मी तुकड्यांना प्रथम केवळ मीठ-हळद लावून ते 20 मिनिटे तिरप्या ताटात ठेवते आणि कडेला साचलेले गुलाबी पाणी टाकून, तुकडे सुती फडक्याने टिपून, मगच ब्याडगी मिरचीचा, कोकमाचे आगळ (खारवलेला आंबट रस) घातलेला घट्ट मसाला चोळते.

रवा तेल तापल्यावरच लावावा. आधी लावून ठेवलेला रवा ओल शोषून मऊ पडतो. खालची बाजू तांबूस होऊन तुकडा तव्यापासून आपोआप सुटेपर्यंत त्याला उलथने लावू नये.