मदत हवी आहे: लॉकमध्ये खाली गेलेली बोट खाली गेल्यासारखी दिसतच नाही

पॅरिसच्या सेंट-मार्टिन कालव्यातल्या लॉकमधून (पाणी कमी-जास्त करून बोटी वर-खाली नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या हौदातून) जाणाऱ्या बोटीचं ऑइल पेंटिंग करतेय, इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं. हा कालवा साडेचार किलोमीटरमध्ये ९ लॉक ओलांडत सुमारे २५ मीटर उतरतो आणि सीन नदीला मिळतो. फोटो माझेच, खालच्या बाजूच्या पादचारी पुलावरून काढलेले. बोट दोन दरवाजांमधल्या हौदात खाली गेली आहे, मागच्या बंद दरवाजापलीकडचं पाणी बरंच वर आहे. चित्रात मात्र दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीवर वाटतं, आणि त्या जागेची सगळी जादूच तिथे हरवते.

मागचं पाणी फिकं आणि निळसर करून पाहिलं, तर ते फक्त लांब गेलं, उंच नाही. दरवाजा गडद केला, तर तो भिंतीत मिसळला. इम्प्रेशनिस्ट चित्रकार सिस्ले यांचं १८७० चं याच कालव्याचं चित्र रोज बघते. पाण्यावरचे ते तुटक, आडवे फटकारे काय सुंदर आहेत! पण तिथे पाणी सलग पसरलेलं आहे, त्यामुळे माझी अडचण सुटत नाही.

कॅनव्हास १६ बाय २० इंच, पहिला थर वाळलाय. काळा रंग वापरत नाही. दरवाजाच्या कडा रेषेनं आखायच्या नाहीत, आणि रचना बदलायची तयारी नाही.

हौदाच्या ओल्या भिंतींचं प्रतिबिंब बोटीभोवती उभ्या फटकाऱ्यांत घेतलं, तर खोली जाणवेल का? की आधी दरवाजावरून झिरपणाऱ्या पाण्याचा उजेड पकडू?