शनिवारी मेळावा, मंगळवारपासून सर्दी: जावं की नाही?

सूत्रधार:
शनिवारी संध्याकाळी स्नेहमेळावा आहे. बंद हॉल, दीडशेच्या आसपास माणसं, चार तासांचा कार्यक्रम, निवेदन माझ्याकडे. मंगळवारी रात्री घसा खवखवायला लागला, आज बुधवारी सकाळपासून नाक गळतंय, शिंका चालू आहेत. ताप ९९ च्या आसपास. येणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेले दहा-बारा जण आहेत आणि एका बाईंची केमोथेरपी चालू आहे.

शनिवारपर्यंत माझ्यापासून इतरांना लागण होण्याचा धोका संपेल का? गेलोच तर नेमकं काय काय पाळायचं? हॉलवाल्यांना काय सांगून ठेवायचं? आणि तोवर कुठली औषधं घ्यावीत? "काळजी घ्या, आराम करा" एवढ्यावर बोळवण करू नका, ही विनंती.

दिवसमोजणी:
लक्षणं सुरू झाली तो दिवस शून्य धरायचा. म्हणजे मंगळवार शून्य आणि शनिवार चौथा. साध्या सर्दीत नाकातून सगळ्यात जास्त विषाणू बाहेर पडतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तुमच्या हिशेबात गुरुवार-शुक्रवारी. शनिवारी उतार लागलेला असेल, पण पाटी कोरी नसेल. राइनोव्हायरस, म्हणजे सर्दीचा सगळ्यात नेहमीचा विषाणू, आठवडाभर, काहींच्या नाकात त्याहूनही जास्त दिवस सापडतो. त्यामुळे "धोका संपेल का" याचं उत्तर नाही असंच आहे. तो किती कमी करता येईल एवढंच हातात आहे.

आधी ही सर्दीच आहे का ते बघा. घसा, मग नाक, मग खोकला असा सावकाश क्रम सर्दीचा. फ्लू धाडकन येतो. कुठल्या तासाला अंग मोडून आलं ते माणूस सांगू शकतो, आणि ताप बहुधा १०१-१०२ पर्यंत चढतो. कोविड मात्र हल्ली हुबेहूब सर्दीसारखा दिसतो, लक्षणांवरून ओळखू येत नाही. म्हणून आज एक रॅपिड अँटिजेन चाचणी करा आणि ४८ तासांनी, म्हणजे शुक्रवारी, दुसरी. पहिल्याच दिवशीची निगेटिव्ह फारशी भरवशाची नसते. स्वॅब घेण्याआधी नाक शिंकरून साफ करा, किटच्या कागदावर लिहिलेत तेवढे फेरे दोन्ही नाकपुड्यांत मोजून फिरवा आणि निकाल दिलेल्या वेळेतच वाचा. वेळ उलटून गेल्यावर उमटलेली फिकट रेषा धरत नाहीत. पॉझिटिव्ह आली तर जाण्याचा विषय संपला.

निगेटिव्ह आली तर अमेरिकेच्या सीडीसीने (तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने) २०२४ मध्ये दिलेला नियम वापरायला सोपा आहे: तापाचं औषध न घेता सलग २४ तास ताप नाही आणि एकूण लक्षणं उतरणीला लागलीत, दोन्ही जमलं तरच लोकांत मिसळायचं, आणि तिथून पुढे ५ दिवस मास्क, हवा, अंतर ही पथ्यं पाळायची. पॅरासिटामॉल घेऊन तासाभराने थर्मामीटर लावला तर ते माप धरू नका.

केमो चालू असलेल्या बाईंना आजच फोन करा. शनिवारी दारात "मला जरा सर्दी आहे हं" म्हणून भागणार नाही. केमोच्या डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. त्यांचा शनिवार त्यात येतो का हे त्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांनाच ठाऊक. यायचं की नाही ते त्यांनी ठरवू दे, तुम्ही फक्त माहिती लपवू नका.

आणि निवेदनाची संहिता आजच दुसऱ्या कोणाला तरी पाठवून ठेवा. पर्यायी माणूस तयार नसला की आजारी माणूस हटकून उभा राहतो.

खिडकीवाला:
वरच्या प्रतिसादाला +१. पण चर्चा माणसावरच अडकलीय, हॉलकडे कोणी बघत नाही. दीडशे माणसांत तुम्ही एकटेच शिंकणारे असाल असं समजू नका. काही जणांना तर स्वतःची सर्दी अजून कळलेलीही नसेल.

हॉलवाल्यांना पहिला प्रश्न: बाहेरची हवा आत येते कुठून? स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, ताजी हवा आणत नाही. खिडक्या बंद ठेवून पंखे लावले तर तीच हवा ढवळली जाते, बस. एका बाजूच्या खिडक्या पूर्ण उघड्या, समोरच्या बाजूला एक्झॉस्ट किंवा खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवलेले दोन-तीन मोठे पंखे, असा सरळ प्रवाह बांधा. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधीपासून चालू करा. एसी हवाच असेल तर खिडक्यांना फट ठेवूनच. विजेचं बिल वाढेल म्हणून कुरकुर होईल, ती ऐकून घ्यायची.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर कोणाकडे असेल तर आणा. उघड्यावर तो ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) आसपास दाखवतो. हॉलमध्ये ८०० च्या खाली असेल तर उत्तम, १,५०० च्या वर गेला तर दारं उघडा. आकडा नुसता वाचू नका, त्याचा अर्थ बघा. आपण सोडलेल्या श्वासात साधारण ३८,००० ते ४०,००० पीपीएम असतो. म्हणजे मीटरवर २,००० दिसलं तर तुम्ही आत घेतलेल्या हवेतली जवळपास ४ टक्के हवा दुसऱ्या कोणाच्या तरी फुफ्फुसातून आलेली आहे.

"एअर प्युरिफायर लावू" असं कोणीतरी सुचवेलच. हिशेब करून बघा. १५ मीटर लांब, १० रुंद, ४ उंच हॉल म्हणजे ६०० घनमीटर. तासाला सहा वेळा हवा गाळायची तर ३,६०० घनमीटर हवेत. घरगुती यंत्र देतं ताशी ३००-४००, म्हणजे दहा यंत्रं लागतील. एकच असेल तर ते ज्येष्ठांच्या बसण्याजवळ ठेवा, दाराशी शोभेला नको. ज्येष्ठांची जागा हवा आत येते त्या खिडक्यांच्या बाजूला, एक्झॉस्टजवळ नाही आणि स्पीकरसमोर तर नाहीच.

स्पीकरचा आवाज हा मुद्दा कायम सुटतो. माणूस जितक्या मोठ्याने बोलतो तितके जास्त कण तोंडातून बाहेर पडतात. संगीत एवढं दणदणीत असलं की शेजाऱ्याशी बोलायला कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, तर खिडक्या उघडूनही उपयोग अर्धाच. जेवण शक्य तर उघड्यावर घ्या, कारण जेवताना सगळ्यांचेच मास्क उतरतात.

तुमच्यासाठी: एन९५, दोन्ही पट्ट्या डोक्यामागे, एक मानेवर आणि एक वर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. जोरात श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ आली तर वरून गळतोय. दाढी असेल तर कडा त्वचेला टेकतच नाही. झडप असलेला मास्क घेऊ नका, बहुतेकांत सोडलेला श्वास न गाळता बाहेर येतो. माइक मास्कच्या अगदी जवळ धरा आणि ध्वनिवाल्याला ट्रेबल थोडा वाढवायला सांगा, मास्कमध्ये वरच्या पट्टीतली व्यंजनं बोथट होतात. माइक तुमचा एकट्याचा, पाहुण्यांना दुसरा.

औषधाचा कागद:
गोळ्यांकडे वळू. सर्दीतला सगळ्यात मोठा घोळ म्हणजे एकच औषध दोन नावांनी पोटात जाणं. "सर्दी-तापाच्या" बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वर अंगदुखीला वेगळी गोळी घेतली की मात्रा दुप्पट. धडधाकट प्रौढासाठी २४ तासांत सगळं मिळून कमाल ४ ग्रॅम, दोन डोसांत निदान ४ तास. यकृताचा त्रास, रोजचं मद्यपान किंवा कमी वजन असेल तर मर्यादा याहून खाली, ती डॉक्टरांकडून घ्या. पाकिटाच्या मागचा घटकांचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय दुसरी गोळी फोडू नका.

मिश्र गोळीत फेनिलेफ्रिन असेल तर नाक मोकळं होण्याची आशा त्यावर ठेवू नका. तोंडावाटे घेतलेलं फेनिलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत परिणामकारक नाही, असं अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथल्या औषध नियामकाच्या) सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. क्लोरफेनिरामिन वाहतं नाक थोडं आवरतं, पण झोप आणतं आणि तोंड कोरडं करतं. निवेदकाला दोन्ही नकोत, आणि घेतल्यावर गाडी चालवणं तर नकोच.

ऑक्सिमेटाझोलिनचा स्प्रे मात्र खरंच नाक उघडतो. ०.०५ टक्के, १० ते १२ तासांतून एकदा, आणि सलग ३ दिवसांपुढे नाही. पुढे रेटला तर नाक उलट चोंदतं आणि स्प्रेशिवाय उघडेनासं होतं. आता गंमत बघा: आज सुरू केलात तर ३ दिवसांची मुदत शुक्रवारीच संपते, ऐन कार्यक्रमाला हात रिकामे. म्हणून शुक्रवारी रात्रीपर्यंत मिठाच्या पाण्यावर काढा आणि स्प्रे राखून ठेवा. मारताना मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक बाहेरच्या भिंतीकडे, मधल्या पडद्यावर नाही. मग हलकेच ओढा. घशात कडू लागलं तर जोर जास्त झाला. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, थायरॉइड यांपैकी काही असेल तर विचारल्याशिवाय नको.

मिठाचं पाणी: २४० मिली पाण्यात अर्धा चमचा आयोडीन नसलेलं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी एक मिनिट खळखळ उकळून कोमट केलेलं किंवा डिस्टिल्ड. नळाचं थेट नाही, नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा अमीबा दुर्मीळ असला तरी जीवघेणा आहे.

व्हिटॅमिन सी सर्दी सुरू झाल्यावर घेऊन फरक पडल्याचं दिसत नाही. झिंकबद्दल पुरावे उलटसुलट आहेत. नाकात मारायचं झिंक मात्र बिलकुल नको, वास कायमचा गेल्याच्या तक्रारी आहेत.

सूत्रधार:
फार उपयोगी. पर्यायी निवेदकाला संहिता पाठवली, बाईंना फोन केला, त्या डॉक्टरांना विचारून कळवतील. दोन शंका: शेंबूड हिरवट व्हायला लागला तर अँटिबायोटिक लागेल का? आणि आवाज बसू लागलाय, त्याला काय?

औषधाचा कागद:
नाही. हिरवा रंग येतो तो जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमधल्या विकरामुळे. विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो दिसतोच. दहा दिवस उलटूनही उतार नाही, बरं वाटून पुन्हा बिघडलं, किंवा १०२ च्या वर ताप आणि एका बाजूचा गाल दुखत ३-४ दिवस गेले, तर दाखवा. धाप लागणं, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं होणं यांत मात्र दिवस मोजत बसायचं नाही.

खर्जातला:
आवाजाचं बोलतो. कुजबुजणं हा आराम नाही. बरेच जण कुजबुजताना स्वरयंत्र जास्तच आवळतात. शुक्रवारी शक्य तेवढं मौन, बोलायचंच तर हळू पण नेहमीच्या सुरात. खाकरून घसा साफ करण्याऐवजी एक घोट पाणी गिळा, कारण प्रत्येक खाकरण्यात सुजलेल्या स्वरतंतू एकमेकींवर आपटतात. घसा बधिर करणारे स्प्रे बोलण्याआधी टाळा, दुखणं कळलं नाही की माणूस ताणून बोलतो. वाफ घ्यायची तर गरम पाण्याचा शॉवर चालू करून बाथरूममध्ये बसा. डोक्यावर टॉवेल आणि पुढ्यात उकळतं पातेलं या प्रकारात भाजण्याचे अपघात होतात. बसलेला आवाज दोन-तीन तास ताणून शनिवार निभेलही, पण सोमवारी आवाजच नसेल. म्हणून निवेदन अर्धं-अर्धं वाटून घ्या.

मागची रांग:
पाहुण्यांच्या बाजूने एक शंका. रविवारी सकाळी उठल्यावर घसा धरला तर तो मेळाव्यातूनच आला असं धरायचं का?

दिवसमोजणी:
बहुधा नाही. राइनोव्हायरसला लागण ते लक्षणं साधारण १ ते ३ दिवस लागतात. क्वचित १२ तासांतही होतं, पण रविवार सकाळची खवखव बहुतेक वेळा आदल्या रात्री ओरडून बोलल्याची, नाहीतर गुरुवार-शुक्रवारी दुसरीकडूनच आलेली. मेळाव्याचा हिशेब रविवार रात्र ते मंगळवार असा लावा. फ्लूला १ ते ४ दिवस, म्हणजे बुधवारपर्यंत. कोविड आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू) त्याहूनही उशिरा दिसू शकतात, तेव्हा पुढच्या शनिवारपर्यंत डोळा ठेवा.

सूत्रधार, रविवार-सोमवारी कोणी तापाने पडल्याचं कळलं तर गटावर त्याच दिवशी कळवा, नाव न घेता. फ्लूवरचं औषध ओसेल्टामिविर ४८ तासांच्या आत सुरू झालं तरच त्याचा पुरता फायदा, आणि सत्तरीपुढच्यांना त्याची गरज जास्त. केमोवाल्या बाई आल्याच आणि नंतर त्यांना १००.४ ताप दिसला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही. त्याच तासाला त्यांच्या रुग्णालयाला फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी.