पावरी दुभाष्याच्या कामाविषयी
पदविका नसताना पावरी (सातपुड्यातील पावरा आदिवासींची भाषा) ते मराठी अशा दुभाष्याचे अर्धवेळ काम मिळेल का, या धडगावच्या ताईंच्या प्रश्नाला इथे 'नाही' असे उत्तर दिले गेले आहे. ते सरसकट बरोबर नाही. पॉक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) नियम, 2020 मधील नियम 5 नुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची नोंदवही ठेवायची असते, आणि बालकाची भाषा व राज्यभाषा ही मातृभाषा म्हणून, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम म्हणून किंवा त्या भागातील वास्तव्यामुळे कामापुरती अवगत असली तरी चालते. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला मात्र मान्यताप्राप्त विद्यापीठाची किंवा भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेची पात्रता लागते. तेव्हा ताईंनी नंदुरबारच्या कक्षात खुशाल चौकशी करावी. नवापूरकडची मावची भाषा येते म्हणून कोणी पावरीचे काम अंगावर घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. साक्ष देणारे मूल नुसती मान हलवून गप्प बसले, तर 'मान हलवली' एवढेच सांगायचे. टंकलेखक खोळंबला आहे म्हणून त्याचे 'हो' करून टाकायचे नाही. न्यायालयाच्या तारखा पुढे ढकलल्या जातात (चांदसैलीचा घाट उतरून आलेल्याला ते फार जिवावर येते), म्हणून त्या दिवसाचे मानधन व प्रवासखर्च मिळणार का, हे आधीच विचारून घ्यावे.