चार डिस्कच्या डब्यात हॉट स्पेअर कशाला?

खडकाळ:
काल एका ग्रुपवर कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं, "घरी चार डिस्कचा नॅस घ्या, तिघींवर रेड ५, चौथी हॉट स्पेअर, मग दहा वर्षं बघायला नको." त्याखाली शंभर अंगठे. डोकं तापलं म्हणून इथे सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी: नॅस म्हणजे नेटवर्कवर फाइली ठेवायचा डिस्कचा डबा. रेड म्हणजे डिस्क अशा जोडायच्या की एखादी गेली तरी डेटा राहतो; रेड ५ एक डिस्क गेलेली सोसतं, रेड ६ दोन. हॉट स्पेअर म्हणजे रिकामी बसलेली डिस्क, दुसरी गेली की आपोआप तिची जागा घेणारी, आणि तिच्यावर डेटा पुन्हा उभा करणं म्हणजे रिबिल्ड. ८ टीबीच्या चार डिस्क धरा. रेड ५ अधिक स्पेअर, वापरायला १६ टीबी. त्याच चार डिस्कवर रेड ६, तरी १६ टीबीच. पण रेड ६ मध्ये दोन डिस्क एकदम गेल्या तरी डेटा शाबूत, आणि स्पेअरवाल्याची पहिली गेली की रिबिल्ड संपेपर्यंत तो देवाच्या भरवशावर. सेकंदाला १५० एमबी धरले तरी ८ टीबीला १५ तास लागतात, तेही नॅसवर दुसरं काही काम नसेल तर. तेवढ्या वेळात उरलेल्या दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात आणि वर्षानुवर्षं कुणी न वाचलेला एखादा सेक्टर नेमका तेव्हाच दगा देतो. ती चौथी डिस्क तशीही दिवसरात्र फिरतच असते, मग तिला कामाला लावा ना.

जुनाजाणता:
सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका. मी पुण्यात, सर्व्हर रत्नागिरीच्या प्लांटमध्ये. ऐन गणपतीत रात्री डिस्क गेली, तिथे स्क्रू ड्रायव्हर धरणारं माणूस नव्हतं. मी पोचेपर्यंत स्पेअरवर रिबिल्ड होऊन गेलेलं. एका मशीनवर तीन अ‍ॅरे (रेडने जोडलेले डिस्कचे गट) असतील तर लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएममध्ये स्पेअर-ग्रुप लावून एकच स्पेअर तिघांना पुरते, ते रेड ६ ला जमणार आहे का? शिवाय छोट्या राईटला रेड ५ मध्ये डिस्कवर चार फेऱ्या, रेड ६ मध्ये सहा. डेटाबेस चालवून बघा, मग बोला.

खडकाळ:
अहो, मी घरच्या चार डिस्कबद्दल बोलतोय आणि तुम्ही फॅक्टरी काढली. घरी कुणाचा डेटाबेस चालतो?

फोटोवाली_सांगली:
माझं ऐका. आमचा स्टुडिओ आहे, अगदी हेच, तीन अधिक एक स्पेअर. एक डिस्क कधी गेली आणि स्पेअर कधी आत आली ते आम्हाला कळलंच नाही, कारण बसवून देणाऱ्याने इशारा यायला मेलचा पत्ताच टाकला नव्हता. मग दुसरी गेली, तेही कळलं नाही, सगळं चालूच होतं ना. मे महिन्यात तिसरी गेली तेव्हा कळलं. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही एक डिस्क विट्याला बहिणीकडे ठेवतो म्हणून जुनं वाचलं, पण ती दिवाळीला नेऊन दिलेली, तुळशीच्या लग्नानंतरची सगळी लग्नं गेली. एका नवरीचे वडील लग्नानंतर महिन्याभरात वारले, त्यांचे शेवटचे फोटो त्यात होते. तिला फोन करताना माझे हात कापत होते. आणि त्यात आमच्याकडे लाईट रोज जाते, इन्व्हर्टर असूनही नॅस रीस्टार्ट व्हायचा.

वायरमन:
ताई, इन्व्हर्टरवर नॅस लावलात तिथेच चुकलं. साधा इन्व्हर्टर स्विच व्हायला वेळ घेतो, तेवढ्यात मशीन बसतं.

जुनाजाणता:
इन्व्हर्टर यूपीएस मोडला, म्हणजे पटकन स्विच होणाऱ्या सेटिंगला, ठेवला की चालतो, माझा सहा वर्षं चाललाय.

वायरमन:
तुमचा चालला म्हणून सगळ्यांचा चालतो का? बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर नॅसला सांगतो का? यूएसबीवाला यूपीएस सांगतो, नॅस स्वतःहून नीट बंद होतो. एक डिस्क आधीच गेलेली असताना लिहिता लिहिता लाईट गेली तर रेड ५ असो की ६, लिनक्सचं रेड चालवणारा एमडी अ‍ॅरे सुरू करायलाच नकार देतो. जबरदस्तीने सुरू केला तर अर्धवट लिहिलेल्या ठिकाणी काय निघेल याची खात्री नाही. मी हे दोनदा निस्तरलंय.

जुनाजाणता:
बिटमॅप, म्हणजे कुठे लिहिणं चालू होतं त्याची नोंद, लावला की झालं.

वायरमन:
नाही झालं! बिटमॅपने रीसिंक, म्हणजे डिस्क पुन्हा जुळवणं, लवकर आटोपतं, अर्धवट राईट दुरुस्त होत नाही. त्याला जर्नल लागतं, म्हणजे आधी वेगळीकडे लिहून मग डिस्कवर. माहीत नसेल तर ठोकून देऊ नका, लोक वाचून तसंच करतात.

जुनाजाणता:
आवाज चढवायची गरज नाही. बिटमॅपचं मी चुकीचं लिहिलं, मान्य. यूपीएस मोडचं मागे घेत नाही.

खडकाळ:
धागा डिस्कचा होता, पार महावितरणपर्यंत गेला. ताईंचं वाचून मात्र वाटलं, मी मेलबद्दल एक अक्षर लिहिलं नाही ही चूकच झाली. रेड ६ असतं तरी एकेक डिस्क गुपचूप जाऊन तिसरीला हेच झालं असतं. लांबच्या सर्व्हरला स्पेअर हवी, तेही मान्य.

जुनाजाणता:
बरं, चारच खण असतील तर रेड ६. पाचवा खण असेल तर मी त्यात स्पेअर ठेवणारच.

फोटोवाली_सांगली:
आता नवीन चार डिस्क आल्यात. मेल येते की नाही ते डिस्क जायच्या आधी कसं बघायचं?

खडकाळ:
एमडीएडीएमच्या कॉन्फिगमध्ये मेलअ‍ॅडर समोर तुमचा पत्ता टाका, मग मॉनिटर, स्कॅन, वनशॉट आणि टेस्ट हे चार पर्याय देऊन कमांड चालवा. प्रत्येक अ‍ॅरेची एक चाचणीची मेल आली पाहिजे. स्पॅममध्येही बघा. नाही आली तर इथे लिहा, आणि तोवर कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करू नका.