मदत हवी आहे: न झालेल्या चाचणीच्या अहवालावर सही मागतायत

मी चाचणी प्रयोगशाळेत आहे. यंत्र बंद असल्याने एका बॅचची दाबचाचणी झालीच नाही. तरी मागच्या बॅचचे आकडे जसेच्या तसे उतरवलेला अहवाल टेबलावर आलाय, खाली माझं नाव छापलेलं, फक्त सही बाकी. आयएसओ १७०२५ या चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नोंद निरीक्षण करतानाच व्हायला हवी, हे साहेबांना तोंडी सांगितलं, मग ईमेलही केला. लेखी उत्तर नाही; फोनवर मात्र "एवढं काय ताणतेस?" माल अजून गोदामातच आहे, म्हणून घाई. नोकरी सोडणं सध्या शक्य नाही, पण सही मी करणार नाही, हे पक्कं.

"चाचणी झालेली नाही" असा शेरा मारून अहवाल परत पाठवू, की आधी थेट अंतर्गत ऑडिटकडे जाऊ? कुणी असं केलं असेल तर पत्रात नेमकं काय लिहिलंत?