आईबाबांना जिप्सी किंग्ज दाखवायचेत, हॉलिवूड बोलची संध्याकाळ कशी आखू?

अर्व्हाईनकर_डोंबिवली
आईबाबा सध्या आमच्याकडे आलेत. बाबा जिप्सी किंग्ज या स्पॅनिश गाणाऱ्या फ्रेंच बँडचे जुने भक्त, डोंबिवलीत एकच कॅसेट होती ती इतकी वाजवली की टेप अडकायची आणि मग पेन्सिल घालून गुंडाळत बसायचे, शब्द एक कळत नाही पण 'बांबोलेओ' लागलं की टेबल बडवणार म्हणजे बडवणार. आता हॉलिवूड बोलला (लॉस एंजेलिसचं उघड्यावरचं थिएटर) त्यांचा शो दिसतोय, चार तिकिटं काढायच्या बेतात आहे. गाडी न्यावी का? खायला घरून नेता येतं का? आणि आईचे गुडघे दुखतात, चढ झेपेल का? ती म्हणतेय तुम्ही जा मी घरी बसते, म्हणजे तिला यायचंच आहे.

रुंबावेडा
थांबा, तिकीट काढायच्या आधी कुठले जिप्सी किंग्ज ते बघा! दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल्सचे रेयेस आणि मोंपेलियेचे बालिआर्दो अशा दोन घराण्यांतली भावंडं मिळून हा ग्रुप झाला. आवाज निकोलास रेयेसचा, मेन गिटार तोनिनो बालिआर्दोची. आता ते दोघं वेगवेगळे फिरतात, शिवाय घरातल्या इतरांचेही ग्रुप आहेत, आणि ग्रुपमधला चिको बुशिखी तर ९० च्या सुरुवातीलाच बाहेर पडला, त्याचे 'चिको अँड द जिप्सीज'. पोस्टरवर मोठ्या अक्षरात जिप्सी किंग्ज आणि खाली बारीक अक्षरात 'फीचरिंग अमुक', ते बारीक अक्षर वाचा. मी एकदा (जागेचं नाव नको) न वाचता गेलो, गिटार झकास होती पण तो घोगरा आवाज नाही म्हणजे मिसळीत तर्रीच नाही. बाबांना निकोलासचा आवाज हवाय की तोनिनोची बोटं, ते आधी विचारा.

पासाडेनाची_मावशी
खाणं बिनधास्त न्या, हॉलिवूड बोलला जायचं ते अर्धं त्यासाठीच, लोक टेबलक्लॉथ मेणबत्त्या घेऊन येतात. दोनेक तास आधी पोचा, पिकनिकच्या जागा भरतात. वाइन मात्र एलए फिलच्या (बोल चालवणारा लॉस एंजेलिसचा ऑर्केस्ट्रा) स्वतःच्या शोला घरून नेता येते, जागा भाड्याने दिलेला शो असेल तर नाही, तिकिटाच्या पानावर लिहिलेलं असतं. आम्ही आर्टिशियातल्या देशी दुकानांतून ढोकळा आणि बटाटेवडे उचलतो, थंड वडा पण तिथे गोड लागतो. बाकं लाकडी आहेत, उशी न्याच. आणि ऑगस्ट असला तरी सूर्य गेला की डोंगरात गारठा पडतो, आईंना शाल. वरचे सेक्शन स्वस्त पण चढ खरंच आहे, त्यांच्यासाठी जरा खालची तिकिटं घ्या हो, पैसे काय पुन्हा येतील.

लेन_सोडणारा
गाडीचं सांगतो. तिथे स्टॅक पार्किंग, एकामागे एक ठासून लावतात, पुढचा निघेपर्यंत तुम्ही निघत नाही, आणि पुढचा नेमका एन्कोर संपल्यावर फोटो काढत बसलेला असतो. त्यापेक्षा गाडी युनिव्हर्सल सिटी स्टेशनला ठेवा, मेट्रोची बी लाइन, एकच स्टेशन, हॉलिवूड हायलंडला उतरा. तिथून चालत पंधरा-वीस मिनिटं चढ, तेव्हा आईबाबांसाठी शटल किंवा उबर बघा. काही शोजना पार्क अँड राइड बसही असते, तिचं तिकीट आधी काढा.

रुंबावेडा
अजून एक, बाबांना सांगा की बांबोलेओमधला बराच भाग व्हेनेझुएलाच्या सिमोन दियासच्या 'काबाल्यो विएहो' या गाण्यावरून आलाय. आणि जिप्सींच्या मूळ रोमानी भाषेत आकडे म्हणजे येक, दुई, त्रिन, श्तार, पांच! मुळं आपल्याकडचीच. हे गितान (तिकडचे जिप्सी) घरी रोमानी बोलत नाहीत म्हणा, पण बाबांना आवडेल.

अर्व्हाईनकर_डोंबिवली
सगळ्यांना थँक्यू. बाबांना विचारलं, "आवाज" म्हणाले, विचारही केला नाही. खालची चार तिकिटं घेतोय. आईने आत्ताच विचारलं, थर्मासमधला चहा आत नेऊ देतात का, म्हणजे येणार.

पासाडेनाची_मावशी
आम्ही दरवेळी नेतो. आलं जास्त घाला.